अंतर्देही कार-टी उपचार

अंतर्देही कार-टी उपचार : रुग्णाच्या टी-पेशी (संरक्षणकार्य करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) शरीराबाहेर न काढता, शिरेतून दिलेल्या वाहकामार्फत त्यांच्यात संकरित प्रतिजन-ग्राहीचे (कारचे; म्हणजे लक्ष्यपेशीवरील ठरावीक चिन्ह, प्रतिजन, ओळखून ती पेशी मारायला लावणाऱ्या कृत्रिम प्रथिनाचे) जनुक किंवा त्याचा संदेशवाही आरएनए पोहोचवून केला जाणारा उपचार. रक्ताचे कर्करोग व आत्मप्रतिरक्षा रोग (शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते ते रोग) ही त्याची आजची मुख्य क्षेत्रे. अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळालेल्या मूळ कार-टी उपचारात हेच काम प्रयोगशाळेत होते आणि त्याला काही आठवडे लागतात.

या ग्राहीच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा इझ्राएलच्या वाइझमान संस्थेतील झेलिग एशर यांना दिले जाते. तथापि प्रतिपिंडाचा बदलता भाग टी-पेशी ग्राहीच्या स्थिर भागाला जोडल्याचा योशिकाझु कुरोसावा व सहकाऱ्यांचा जपानमधील निबंध 1987 चा, म्हणजे एशर व गिडिऑन ग्रोस यांच्या 1989 च्या निबंधाआधीचा आहे. जपानी प्रयोगात प्रतिजन भेटताच पेशीतील कॅल्शियम वाढते, एवढे दिसले होते; एशर यांच्या पेशींनी लक्ष्यपेशी प्रत्यक्ष मारल्या. त्यामुळे रचनेचा अग्रमान कुरोसावांना आणि मारक पेशीला नवे लक्ष्य देता येते हे दाखवण्याचा एशर यांना, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. प्रतिपिंडाचे दोन्ही बदलते भाग एकाच साखळीत गुंफण्याची युक्ती एशर यांच्याच गटाची (1993). आजचे बहुतेक कार तिच्यावरच बेतलेले आहेत.

हे काम देहातच करण्याचा आरंभ कधीचा, हे वाहक कोणता धरायचा त्यावर ठरते. सिअ‍ॅटलमधील मॅथियास स्टेफन यांच्या गटाने 2017 मध्ये बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) नॅनोकणांतून कारचे डीएनए उंदरांच्या टी-पेशींत पोहोचवले. जर्मनीत लांगेन येथे ख्रिस्तियान बुखहोल्त्स यांच्या गटाने मारक टी-पेशींवरील सीडी8 हे चिन्ह ओळखणारे लेंटिविषाणू (जनुकवाहक म्हणून वापरला जाणारा विषाणू-प्रकार) घडवले व 2018 मध्ये मानवी रक्तपेशी असलेल्या उंदरांत वापरले.

वाहकाची निवड हाच या उपचाराचा कळीचा भाग होय. लेंटिविषाणू जनुक गुणसूत्रात कायमचे बसवतो. पेशी विभागली तरी ते टिकते. मेद-नॅनोकणांतील आरएनए काही दिवसांत नष्ट होतो, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागू शकते. शिवाय मेदकणांची स्वाभाविक ओढ यकृताकडे असते. त्यांना टी-पेशींकडे वळवण्यासाठी पृष्ठभागावर प्रतिपिंड जोडतात. विषाणूचा धोका वेगळा. बाह्यदेही पद्धतीत एका ल्युकेमिया रुग्णाची एकच कर्कपेशी चुकून टी-पेशींसोबत बदलली गेली. तिच्या पृष्ठभागावर उमटलेल्या कारने तिचेच सीडी19 (कार ओळखते ते बी-पेशींवरील चिन्ह) झाकले आणि रोग उलटला (2018 चा वृत्तान्त). शरीराबाहेर तयार केलेल्या पेशी निदान तपासता तरी येतात. देहात ती सोय नाही.

आत्मप्रतिरक्षा रोगांतील आधार मुख्यतः जर्मनीतील एर्लांगेनचा. गेऑर्ग शेट यांच्या गटाने 2021 मध्ये ल्युपसच्या एका रुग्णाचा आणि 2024 मध्ये ल्युपस, स्नायुदाह व त्वक्‌काठिण्य यांच्या मिळून 15 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हे उपचार बाह्यदेही होते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी पुसल्या गेल्या आणि काही महिन्यांनी परतल्या त्या बहुतांशी प्रतिजनाशी परिचय न झालेल्या. कार कायम न टिकताही रोग शमू शकेल, ही अपेक्षा त्यातूनच आली. कर्करोगात शेवटची पेशीही मारावी लागते, म्हणून तेथे टिकाऊ जनुकाकडे कल दिसतो.

मानवातील अंतर्देही निष्कर्ष अगदी थोडे आहेत. 2025 मध्ये चीनमधून बहुमज्जार्बुदाच्या (अस्थिमज्जेतील एका रक्तकर्करोगाच्या) चार रुग्णांवरील विषाणू-वाहक उपचार प्रसिद्ध झाला. पूर्वतयारीची (रुग्णाच्या आधीच्या लसीकापेशी घटवणारी) रसायने न देताही दोघांत रोग पूर्णतः व दोघांत अंशतः आटोक्यात आला. सायटोकाइन-उद्रेक (संरक्षणयंत्रणेच्या संदेशद्रव्यांचा अतिरेक) मात्र टळला नाही. त्याच वर्षी तेथूनच ल्युपसच्या पाच रुग्णांवरील आरएनए-उपचाराचे वृत्त आले.

भारतात 2023 मध्ये मान्यता मिळालेला, आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून आलेला ‘नेक्सकार19’ बाह्यदेही पद्धतीचा आहे.