क्रॉसओव्हर वॅगन आणि कौटुंबिक सेडानची माघार

क्रॉसओव्हर वॅगन : सेडान मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली, पण जमिनीपासून जरा उंच, उंच आसनांची आणि मागे टपापर्यंत उघडणारा दरवाजा असलेली कौटुंबिक मोटार. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिका, युरोप आणि जपानमधील बऱ्याच उत्पादकांनी मध्यम आकाराच्या सेडान एकामागून एक बंद केल्या व त्यांची जागा अशा गाड्यांना दिली. आईवडील, मुले आणि प्रवासाचे सामान यांच्यासाठीची नेहमीची गाडी म्हणजे सेडान, हे समीकरण कित्येक दशके टिकले होते. ते आता मोडले आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही वर्गातल्या होत्या. मोटार उद्योगात क्रॉसओव्हरही याच वर्गात मोजल्या जातात.

रचना : जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीमध्ये खाली शिडीसारखी जड पोलादी चौकट असते आणि तिच्यावर वेगळी बांधलेली बॉडी बोल्टने बसवलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये अशी चौकट नसते. सेडानप्रमाणेच बॉडी आणि सांगाडा एकसंध असतो. इंजिन बहुधा आडवे बसवलेले असते, ताकद पुढच्या चाकांना जाते आणि चारही चाकांना ती देण्याची सोय काही प्रकारांतच असते. टोयोटाची रॅव्ह-४ कोरोलाच्या भागांवर उभी राहिली, होंडाची सीआर-व्ही सिव्हिकवर, सुबारूची फॉरेस्टर इम्प्रेझावर आणि लेक्ससची आरएक्स टोयोटाच्याच कॅमरीच्या सांगाड्यावर. बाहेरून दणकट दिसणारी ही गाडी आतून घरगुती सेडानच आहे, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या बदलाचा उलगडा होत नाही. ग्राहकांनी सेडान सोडून डोंगरवाटांची गाडी घेतली, असे म्हटले जाते ते खरे नाही. त्यांनी सेडानच घेतली, फक्त बसण्याची उंची आणि मागचा दरवाजा बदलून.

या दोन बदलांचे मोल कागदावरच्या आकड्यांवरून कळत नाही. सेडानमध्ये बसताना माणूस आधी डोके खाली घेतो, मग अंग तिरके करून आसनात उतरतो आणि शेवटी पाय आत ओढतो. उतरताना हाच क्रम उलटा होतो व सगळा भार गुडघ्यांवर येतो. बसलेल्या माणसाच्या खुब्याची जमिनीपासूनची उंची सेडानमध्ये साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर असते, तर क्रॉसओव्हरमध्ये ती ६५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. दहा-बारा सेंटिमीटरच्या या फरकामुळे आसन उभ्या माणसाच्या मांडीच्या पातळीवर येते आणि तो सरळ बाजूला सरकून बसतो. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर माणसासाठी किंवा बाळाला मागच्या आसनात बसवून पट्टे लावणाऱ्या आईसाठी हा फरक रोजचा, अगदी कंबरेला जाणवणारा आहे. रस्ता उंचावरून दिसतो म्हणून चालकाला वाटणारा विश्वास हा त्याखेरीजचा लाभ.

डिकीचेही तसेच. सेडानची डिकी पुष्कळदा चांगली ऐसपैस असते, पण तिचे तोंड अरुंद असते. मागच्या काचेखालची फळी पक्की असल्याने बाळाची घडीची ढकलगाडी किंवा कपाटाचे खोके आत जागा असूनही शिरत नाही. वॅगनमध्ये आडवी फळी नसते, काचेसकट दरवाजा वर जातो आणि मागची आसने पाडली की पुढच्या आसनांपर्यंत सपाट जागा मिळते. हे सगळे साध्या स्टेशन वॅगनमध्ये, म्हणजे टप मागपर्यंत नेलेल्या ठेंगण्या मोटारीत, पूर्वीपासून होते. अमेरिकेत मात्र १९८४ च्या हंगामासाठी (म्हणजे मॉडेल-वर्षासाठी) क्रायस्लरने मिनिव्हॅन ही उंच टपाची कौटुंबिक व्हॅन आणली आणि कुटुंबांनी वॅगनकडे पाठ फिरवली. पुढच्या पिढीला मिनिव्हॅनही नकोशी झाली, तेव्हा तीच जुनी वॅगन उंच चाकांवर परत आली.

इतिहास : या घराण्यातली सुरुवातीची गाडी म्हणून सुबारूच्या १९७२ मधील चारचाकी-चालनाच्या (म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या) लिओनी वॅगनचे नाव घ्यावे लागते. फ्रान्समध्ये १९७७ साली मात्रा रँचो आली. ती सिम्का ११०० या छोट्या मोटारीवर बेतलेली होती. रूप रानातल्या गाडीचे असले तरी ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळे. खरे धाडस केले ते अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनने. १९७९ मध्ये, १९८० च्या हंगामासाठी आलेल्या एएमसी ईगलमध्ये त्यांनी आपल्या कॉन्कॉर्ड या साध्या मोटारीलाच उंची आणि चारचाकी चालन दिले आणि ती सेडान, कूपे (दोन दारांची मोटार) व वॅगन अशा रूपांत विकली. रॉय लन यांच्या अभियंत्यांनी बसवलेली ही कल्पना काळाच्या पंधरा वर्षे पुढे होती. कंपनीची तब्येत आधीच खालावलेली होती. १९८७ मध्ये क्रायस्लरने ती विकत घेतली आणि लवकरच ईगल थांबली. आजच्या रस्त्यांवर या गाडीची वारस असलेली वाहने सर्वत्र दिसतात, पण तिचे नाव फारसे कोणी घेत नाही, हा तिच्यावरचा अन्याय आहे.

१९९४ मध्ये रॅव्ह-४ आणि १९९५ मध्ये सीआर-व्ही आल्यावर हा प्रकार जगभर रुजला. त्याच सुमारास सुबारूने लेगसी वॅगनची उंची वाढवून, खालच्या कडांना जाड संरक्षक पट्ट्या लावून ती आउटबॅक या नावाने आणली. फार खर्च न करता सुचलेली ही युक्ती कंपनीच्या पुढच्या तीस वर्षांचा आधार ठरली. पाठोपाठ व्होल्वोची व्ही७० एक्ससी आणि १९९९ मध्ये ऑडीची ऑलरोड आली. युरोपात कलाटणी मिळाली ती निसान कश्कायमुळे. २००७ मध्ये विक्रीस आलेल्या या गाडीसाठी निसानने अल्मेरासारख्या पारंपरिक मोटारीची पुढची पिढी काढण्याचा नाद सोडला. त्या वेळी हा जुगार वाटत होता; तो इतका यशस्वी झाला की युरोपातल्या इतर उत्पादकांनाही त्याच वाटेने जावे लागले.

सगळे प्रयत्न मात्र फळले नाहीत. फोर्डने २००४ मध्ये फाइव्ह हंड्रेड या सेडानसोबत शिकागोच्या त्याच कारखान्यातून फ्रीस्टाइल ही क्रॉसओव्हर वॅगन काढली होती. नंतर तिला टॉरस एक्स असे नाव दिले, तरी २००९ मध्ये ती थांबवावी लागली. अकॉर्डवर बेतलेली होंडा क्रॉसटूर २००९ ते २०१५ एवढीच टिकली. ब्यूइकची देखणी रीगल टूरएक्स २०२० मध्ये गेली. सुबारूने आणि व्होल्वोने नुसती सेडान उंच करून पाहिली, तिलाही मोजकेच गिऱ्हाईक मिळाले. सेडानची डिकी तशीच ठेवून फक्त चाकांवर उंची दिली, तर ग्राहकाला दिखाऊपणा मिळतो आणि सोय मिळत नाही. या प्रकाराच्या अपयशाचे कारण बहुधा हेच असावे.

कायद्याचा वाटा : ग्राहकांची आवड हे अर्धेच कारण आहे. १९७३ च्या तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला, त्यात प्रवासी मोटारी आणि ‘हलके ट्रक’ यांच्यासाठी वेगळे निकष ठरले. शेतकरी आणि कारागीर वापरत असलेल्या वाहनांना सवलत द्यावी, असा त्यामागचा समजूतदार हेतू होता. परंतु २००४ पर्यंत मोटारींसाठी गॅलनला २७.५ मैल (लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर) आणि हलक्या ट्रकसाठी २०.७ मैल (सुमारे ८.८ किलोमीटर) एवढी तफावत पडल्यावर मोटारीला कागदोपत्री ट्रक बनवण्यातच उत्पादकांचा फायदा होता. चारचाकी चालन असलेल्या गाडीने पाच मोजमापांपैकी चार पूर्ण केली की ती ट्रक ठरते. जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर उंची, आसांखाली १८ सेंटिमीटर मोकळी जागा, पुढचा चढ-कोन (गाडी न घासता पार करता येणाऱ्या चढाचा कोन) २८ अंश, मधला १४ अंश आणि मागचा २० अंश, अशी ती मापे आहेत. सुबारूने २००५ च्या आउटबॅकमध्ये नेमके हेच साधले : गाडी किंचित उंच केली आणि सेडानसकट ती हलक्या ट्रकच्या वर्गात नेली. २०११ च्या हंगामापासून फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या एसयूव्ही पुन्हा मोटारींत मोजल्या जाऊ लागल्या. चारचाकी चालनवाल्यांची सवलत राहिलीच. नियमाच्या शब्दांनी गाडीचा आकार कसा घडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

सेडानची माघार : क्रायस्लरने २०१६ मध्ये डॉज डार्ट आणि क्रायस्लर २०० बंद करण्याचे ठरवले. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या सेडान थांबवण्याची घोषणा केली. यादीत फक्त मस्टँग ही स्पोर्ट्स कार आणि फोकसवर आधारित एक क्रॉसओव्हर उरली, आणि तीही पुढे आयात करामुळे रद्द झाली. १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षे अमेरिकेत सर्वाधिक विकली गेलेली टॉरस २०१९ मध्ये गेली, तर २०१४ मध्ये तीन लाखांहून अधिक खपलेली फ्यूजन २०२० मध्ये. जनरल मोटर्सच्या क्रूझसोबत ओहायोतील लॉर्ड्सटाउनचा कारखानाच मिटला. सेडान बनवून ज्या गावांची घरे चालली, त्यांनी या बदलाची सर्वांत मोठी किंमत मोजली. विक्रीच्या आलेखांत ती दिसत नाही. जनरल मोटर्सची मॅलिबूही २०२४ च्या अखेरीस संपली. युरोपात फोर्डची मोंडेओ, रेनोची टॅलिस्मन व ओपेलची इन्सिग्निया या तिन्ही २०२२ मध्ये थांबल्या.

काहींनी जुने नाव ठेवून अंग बदलले. १९५५ पासून जपानी प्रतिष्ठेची खूण असलेली टोयोटा क्राउन २०२२ मध्ये क्रॉसओव्हर होऊन आली आणि अमेरिकेत अव्हॅलॉन या सेडानच्या जागी बसली. तिची वॅगनसारखी बहीण क्राउन सिग्निया या नावाने विकली जाते. सीत्रोएनने सी५ एक्समध्ये सेडान, वॅगन आणि एसयूव्ही यांचा मेळ घातला. प्यूजोची ४०८ त्याच घडणीची आहे.

उत्पादकांच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स सेडानचेच. पत्रा आणि काच थोडी जास्त, आणि विक्रीची किंमत मात्र बरीच जास्त. त्यामुळे स्वस्त सेडान गेल्यावर कमी मिळकतीच्या कुटुंबासमोर नव्या गाडीचे पर्याय आकसले. या परिणामाकडे उद्योगाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तोटे : उंच गाडीचा वाऱ्याला सामोरा येणारा भाग मोठा असतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०२१ च्या टोयोटा कॅमरी हायब्रिडचा किफायतशीर प्रकार अमेरिकी चाचणीत लिटरला सुमारे २२ किलोमीटर देत होता, तशाच २.५ लिटर इंजिनाची, चारचाकी चालनाची रॅव्ह-४ हायब्रिड सुमारे १७. पादचाऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले, की एक मीटरहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. उंच केलेल्या वॅगनचे बॉनेट सहसा एवढे उंच नसते. मूळ मोटारीचे ठेंगणे नाक, कमी वजन आणि रस्त्यावरची पकड ती बऱ्याच अंशी राखते. म्हणूनच सेडानच्या वारसांत ती सर्वांत शहाणी निवड आहे. जुन्या एसयूव्ही उलटण्याबद्दल बदनाम होत्या. एकसंध सांगाडा आणि अमेरिकेत २०१२ च्या हंगामापासून सक्तीचे झालेले इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण यांमुळे तो धोका पुष्कळ घटला.

विजेवरच्या गाड्या : बॅटरी तळाशी पसरलेली असल्याने गाडीची उंची आपोआप वाढते आणि क्रॉसओव्हरचा आकार सोयीचा पडतो. टेस्लाची मॉडेल वाय ही मॉडेल ३ या सेडानच्याच अनेक भागांवर बांधलेली आहे, आणि २०२३ मध्ये ती जगात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. दुसरीकडे, एका चार्जमध्ये लांब पल्ला गाठायचा तर वाऱ्याशी कमी झगडावे लागते. ह्युंदाईच्या एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्या पाहाव्यात : ठेंगण्या आयोनिक ६ चा वातरोध गुणांक (वाऱ्याचा विरोध दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.२१ आहे, उंच आयोनिक ५ चा ०.२८८. सेडानला पुन्हा महत्त्व आलेच, तर ते या कारणाने येईल.

सध्या कॅमरी, अकॉर्ड व सोनाटा अमेरिकेत टिकून आहेत आणि चीनमध्ये सेडानला अजून मोठी मागणी आहे. २०२३ ची फोक्सवॅगन पसाट युरोपात केवळ वॅगन रूपात मिळते. तिची उंची वाढवलेली नाही. सुबारूने १९८९ पासून चाललेली लेगसी सेडान २०२५ मध्ये थांबवली, आणि एप्रिल २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या आउटबॅकला चौकोनी, एसयूव्हीसारखे अंग दिले.