उकळीविना बिअर: नॉर्वेच्या शेतघरांतली जुनी रीत

द्राक्षाचा रस आंबवण्याआधी कोणी उकळत नाही. कोकणातली माडी तर झाडावरच्या मडक्यातच आंबू लागते. मग घरी बिअर करणाऱ्यानेच वर्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा गोड रस, तासभर का उकळायचा? नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या नूरफ्योर, सुनमोरे भागांतले शेतकरी पिढ्यान् पिढ्या तो न उकळताच बिअर करत आले आहेत. तिला ते 'रोओल' म्हणतात, म्हणजे कच्ची बिअर.

नाताळला घरची बिअर तिथे इतकी महत्त्वाची, की मध्ययुगातल्या गुलातिंग कायद्यात ती न करणाऱ्याला दंड होता. पण धातूचे मोठे भांडे महाग. बहुतेक कारभार लाकडी पिंपांचा, आणि पिंप काही चुलीवर चढत नाही. म्हणून उकळायचे ते पाणी, ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या घालून. ते मोड आणून वाळवलेल्या सातूवर, म्हणजे मॉल्टवर, ओतायचे आणि रस पुन्हा डहाळ्यांच्याच थरातून गाळायचा. फिनलंडच्या 'साहती' या अशाच घरगुती बिअरचा रस गाळायला तर ओंडका कोरून केलेली लांबट द्रोणी असते, तिला 'कूर्ना' म्हणतात.

रस कोमट झाला की त्यात 'क्वाइक' पडते. हे घरचे यीस्ट, लाकडी कड्यांवर वाळवून जपलेले. बिघडलेच तर शेजारून विरजणासारखे मागून आणायचे. 30 ते 40 अंशांना ते इतक्या जोमाने काम करते, की दोनेक दिवसांत बिअर आंबून तयार होते आणि जंतूंना शिरकाव करायला फारशी सवडच मिळत नाही. मला या साऱ्या रीतीतले हे सर्वांत मोलाचे वाटते.

उकळी रूढ झाली ती मुख्यतः हॉप्समुळे, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या कडवट फुलांमुळे. हॉप्सचा कडूपणा रसात नीट उतरायला लांब उकळी लागते, आणि हॉप्समुळे बिअर टिकते. जर्मनीतल्या हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या मठवासिनीने 12व्या शतकातच हॉप्सचा हा गुण नोंदवला होता. पुढे टिकाऊ बिअर जहाजांतून दूरवर विकली जाऊ लागली आणि शहरांत तांब्याच्या कढया आल्या. मात्र सगळा नॉर्वे एका वाटेने गेला नाही. व्हॉस भागात क्वाइकच वापरतात, पण वर्ट कित्येक तास उकळून गडद करतात.

म्हणजे उकळी टाळता येते, आणि त्याला आधारही आहे. दूध 63 अंशांवर 30 मिनिटे ठेवले की पाश्चराइझ होते; मॉल्ट तर 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर भिजते. तेवढ्यात बिघडवणारे बहुतेक जंतू मरतात. त्यानंतर मात्र नळी, झाकण, पिंप सगळे निर्जंतुक हवे, आणि यीस्ट भरपूर. वर्टमधली प्रथिने उकळीत साकळून खाली बसतात, ती इथे तशीच राहतात. म्हणून ही बिअर गढूळ, दाट लागते. ती थंड ठेवून काही आठवड्यांतच संपवायची असते. साहतीला 2002 साली युरोपीय संघाने पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले, पण आजही ती ताजीच प्यावी लागते.