सरकणारी, पण न बदलणारी मजकुराची चौकट : पार्श्वभूमी

इंदूरमधील एखाद्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदत्वाच्या अर्जाआधी नियमावलीची लहानशी चौकट दिसते. वाचणाऱ्याने ती सरकवून वाचावी, मात्र तिच्यातील एक अक्षरही बदलू नये, अशी अपेक्षा असते.

नोव्हेंबर 1995मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल 2.0च्या (वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या) तपशिलात ‘टेक्स्टएरिया’ हा मजकुराच्या चौकटीचा घटक होता, पण तो वापरकर्त्याने लिहावे यासाठी. त्याला स्वतःची सरकपट्टी असल्यामुळे लांबलचक अटी त्यातच ओतण्याची पद्धत पडली. त्यामुळे कोणालाही त्या अटी खोडता येत. मूळ पानाला त्याने धक्का लागत नसे हे खरे, तरी समोरचा मजकूर नाहीसा होई. यावर चौकटीत कर्सर शिरताच जावास्क्रिप्टने, म्हणजे पानात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने, त्याला बाहेर काढण्याची युक्ती निघाली आणि कीबोर्डने वाचणाऱ्यांची पंचाईत झाली. डिसेंबर 1997च्या एचटीएमएल 4.0ने ‘रीडओन्ली’ हा गुणधर्म दिला, तेव्हा मजकूर निवडता व सरकवता येऊनही बदलता येईनासा झाला. त्याच आवृत्तीतील ‘डिसेबल्ड’ची गल्लत याच्याशी आजही होते, त्याने चौकट निष्क्रिय होते आणि तिच्यातील मजकूर अर्जासोबत पाठवलाही जात नाही.

देवनागरीची अडचण निराळीच होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी इंदूरच्या डीटीपीवाल्यांच्या हाताखालचा ‘कृतिदेव’सारखा फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. अर्जातील घटक मात्र सभोवतालच्या पानाचा फॉन्ट आपोआप घेत नाहीत. परिणामी पान मराठीत आणि चौकटीत रोमन अक्षरांचा खिचडा. शिवाय या घटकात ठळक अक्षरे किंवा दुवे देता येत नाहीत, म्हणजे कलमांचे मथळेही सपाटच राहतात.

खरा उपाय मे 1998च्या सीएसएस 2मध्येच, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, होता : साध्या परिच्छेदांच्या चौकटीला ठरावीक उंची द्यायची आणि ‘ओव्हरफ्लो’चे मूल्य ‘ऑटो’ ठेवायचे, म्हणजे मजकूर मावला नाही की सरकपट्टी येते. तरीही टेक्स्टएरियाची सवय पुढे बरीच वर्षे टिकली, ती माझ्या मते केवळ जुनी पाने नकलण्याच्या सोयीमुळे.

स्मार्टफोन आल्यावर या उपायालाही मर्यादा दिसल्या. आयफोनची आयओएस 5 ही प्रणाली येईपर्यंत, म्हणजे 2011पर्यंत, आयफोनवर अशी चौकट सरकवायला दोन बोटे लागत. त्याच वर्षीच्या मॅक ओएस लायन या ॲपलच्या संगणक प्रणालीने सरकपट्ट्या एरवी लपवल्या, त्यामुळे खाली आणखी कलमे आहेत हे कळेनासे झाले. म्हणून चौकटीची उंची शेवटची ओळ अर्धवट दिसेल अशी ठेवावी, आणि कीबोर्डच्या टॅब कळीने तिथे पोहोचता यावे म्हणून चौकटीच्या ‘टॅबइंडेक्स’ या गुणधर्माचे मूल्य शून्य द्यावे.