कर्म (धर्मसंकल्पना)

कर्म म्हणजे हेतुपूर्वक केलेली कृती. त्या कृतीचे फळ कर्त्याला आज ना उद्या, या जन्मी वा पुढच्या जन्मी भोगावेच लागते, या नियमालाही कर्म किंवा कर्मसिद्धान्त म्हणतात. हिंदू, बौद्ध आणि जैन या तिन्ही परंपरांनी तो मानला. मात्र फळ कोण देते, ते नेमके कोणाला मिळते आणि माणसाच्या हाती काय उरते, यावर त्यांच्यात शतकानुशतके वाद झाला. बोलण्यात कर्म आठवते ते बहुधा दुःख घडून गेल्यावर. ग्रंथांचा भर मात्र आता काय करावे यावर अधिक आहे. ही तफावत बडोद्यात (वडोदरा) फार स्पष्ट दिसते. गुरुचरित्राचे सप्ताह, बौद्ध तर्कग्रंथांचे संपादन आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सोसावा लागलेला अपमान, हे सारे या मराठी राजवटीच्या शहराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिले.

वेदकाळी कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. बृहदारण्यक उपनिषदात (३.२.१३) त्याला नैतिक वळण मिळालेले दिसते. जनक राजाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो : माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मग तो स्वतः उरतो कोठे? याज्ञवल्क्य भरसभेत उत्तर देत नाही. आर्तभागाचा हात धरून त्याला बाजूला नेतो. तेथे दोघे जे बोलले ते कर्माविषयीच बोलले, असे सांगून उपनिषद एवढेच नोंदवते की पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी. हा विचार त्या वेळी चारचौघांत बोलण्याइतका रुळला नसावा.

पुढे दर्शनांनी त्याची व्यवस्था लावली. यज्ञ आज आणि स्वर्ग मेल्यानंतर, तर मधल्या काळात फळ राहते कोठे, यासाठी मीमांसकांनी (वेदांतील यज्ञविधींचा अर्थ लावणारे) ‘अपूर्व’ ही न दिसणारी शक्ती कल्पिली, नैयायिकांनी (न्यायदर्शनाचे तर्कवादी) ‘अदृष्ट’. वेदान्ताने फलदाता म्हणून ईश्वर मानला, पण तो जीवांच्या कर्मानुसारच फळ देतो असे म्हणून त्याला पक्षपाताच्या आरोपातून सोडवले. वेदान्ताचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन भाग मराठी घरांत आजही ठाऊक असतात. साठलेले ते संचित, त्यातले या जन्मी भोगायला आलेले ते प्रारब्ध, आणि आत्ता करत आहोत ते क्रियमाण. प्रारब्ध ज्ञान्यालाही चुकत नाही, पण क्रियमाण सर्वस्वी आपल्या हातात असते. गीतेचा कर्मयोग येथूनच उभा राहतो. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात त्याला जे रूप दिले, त्याच्या तोडीचे या विषयावर मराठीत काही नाही : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ येथे रोजचे काम हेच पूजेचे फूल झाले आहे. मागच्या जन्मीच्या पापपुण्याचा उल्लेखही नाही.

जैन मतात कर्म हे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म पुद्गलद्रव्य, म्हणजे जड पदार्थ, आहे. तप आणि संयम यांनी ते झडते.

बुद्धाने कर्माचे मूळ मनात नेले. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, म्हणजे हेतू हेच कर्म, असे अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्त (सुत्त म्हणजे बुद्धाचे प्रवचन) तर आजच्या आजाऱ्याच्या नातेवाइकांना वाचून दाखवावे असे आहे. सुखदुःख सारे पूर्वकर्मानेच येते काय, असे सीवक विचारतो. बुद्ध आठ कारणे मोजतो : पित्त, कफ, वात, या तिहींचा मिलाफ, ऋतुबदल, हयगय, आघात आणि शेवटी आठवे कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. सगळा दोष पूर्वकर्माला देणारे प्रत्यक्ष अनुभवाच्याही पलीकडे जातात, असे तो बजावतो. दुसऱ्या एका सुत्तात दृष्टान्त आहे : मिठाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर काही फरक पडत नाही. चित्त विशाल झालेल्या माणसाला तेच लहानसे पाप तितके बाधत नाही.

आत्माच नाही तर फळ कोणाला मिळणार, हा बौद्धांवरचा जुना आक्षेप. केलेले वाया जाईल आणि न केलेले वाट्याला येईल, असे विरोधक म्हणत. त्याचे सविस्तर उत्तर आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथातील ‘कर्मफलसंबंधपरीक्षा’ या प्रकरणात आहे. कार्यकारणाची अखंड साखळी पुरेशी आहे, तीत कायम टिकणारा कर्ता लागत नाही, हे त्याचे म्हणणे. हा ग्रंथ कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह) १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रथम छापला गेला. संपादक एंबार कृष्णमाचार्य. जैन भांडारांनी जपलेली बौद्ध पोथी वैष्णव परंपरेतल्या पंडिताने संपादावी आणि मराठी राजाने तिचा खर्च उचलावा, ही सयाजीराव तिसऱ्यांच्या कारकिर्दीतली (१८७५ ते १९३९) फार मोलाची घटना आहे.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांत मात्र कर्म भेटते ते बोलण्यात आणि क्रियाकर्मात. ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ असे म्हातारी माणसे म्हणतात. ‘करावे तसे भरावे’ म्हटले की गुजराती शेजारीण ‘जेवी करणी तेवी भरणी’ म्हणून दुजोरा देते. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण उलट बाजूची आहे. तिच्यात दोष नशिबाचा नाही, हातून घडलेल्या करणीचा आहे.

अस्थी आणि श्राद्धासाठी बडोदेकर चांदोदला, नर्मदा-ओरसंग संगमावर जातात. दर्भ, तीळ, भाताचे पिंड, नाव-गोत्राचा उच्चार, आणि वडिलांसाठी मुलाने ओंजळीतून सोडलेले पाणी. ज्याचे कर्म त्याचेच असेल तर मुलाने केलेले बापाला कसे पोचते? धर्मशास्त्र यासाठी शास्त्रवचन प्रमाण मानते. थेरवादी (पाली ग्रंथ प्रमाण मानणारे) बौद्ध निराळी वाट काढतात : नातलगाने केलेल्या दानाने मृताला आनंद होतो, आणि तो आनंद हेच त्याचे स्वतःचे कुशल (चांगले) कर्म ठरते. मला हे उत्तर अधिक समाधानकारक वाटते, कारण त्यात कर्माचा नियमही मोडत नाही आणि मुलाची मायाही वाया जात नाही.

दत्तभक्ती येथे मोठी. नर्मदेकाठी गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वतींची (टेंबेस्वामी) १९१४ ची समाधी आहे आणि गुरुचरित्राची पारायणे घरोघर होतात. त्यातल्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कर्मविपाक येतो : कोणत्या पापाने कोणता रोग, कोणती योनी, कोणती जात. पारायणात तो भाविकतेने वाचला जातो. पण जन्माने लादलेल्या हीनत्वाला पूर्वजन्मीच्या पापाचे कारण जोडले, की ते लादणारा आपोआप निर्दोष ठरतो, हे त्या वाचनात विसरून चालणार नाही.

सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, तरी शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकलण्यात आले आणि ते कामाटीबागेत जाऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी कर्मनियम ठेवला, पण त्याचा अर्थ जगाची नैतिक व्यवस्था असा केला : कुशल कर्माने ती चांगली राहते, अकुशलाने बिघडते. गतजन्मीचे कर्म या जन्मीच्या दारिद्र्याचे किंवा जातीचे कारण आहे, हे त्यांनी साफ नाकारले. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात मात्र अल्पायुष्य, रोग आणि नीच कुळ ही पूर्वकर्माची फळे सांगितली आहेत. त्यामुळे पारंपरिक थेरवादी आणि आंबेडकरवादी बौद्ध यांच्यात या मुद्द्यावर खराखुरा मतभेद आहे.