मार्क्ट की श्टाट, हा प्रश्नच चुकीचा

ऑस्ट्रियातल्या गावांबद्दल मराठीत लिहिताना एक घोळ हमखास होतो. मार्क्टगेमाइंडे (बाजाराचं गाव, थोडक्यात मार्क्ट) म्हणजे आपली नगरपंचायत आणि श्टाट (शहर) म्हणजे तिच्या वरची पायरी, असं धरून चालतात. आपल्याकडे वस्ती वाढली की ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते. तो हिशेब तिथे लावू नका. फोरार्लबर्गमधलं लुस्टेनाउ २०,००० हून जास्त वस्तीचं, पण मार्क्ट. टिरोलमधल्या राटेनबर्गमध्ये माणसं जेमतेम ४००, आणि ते श्टाट!

मध्ययुगात फरक होता. मार्क्टला ठरल्या दिवशी बाजार भरवण्याचा हक्क असे आणि किरकोळ तंटे मार्क्टरिश्टर, म्हणजे बाजाराचा न्यायाधीश, मिटवी. श्टाटचे अधिकार जास्त, बहुधा तटबंदीही. हालश्टाट या मार्क्टला बाजारहक्क मिळाला १३११ मध्ये, राजा आल्ब्रेख्तची विधवा एलिझाबेथ हिच्याकडून. मूळ कारण मिठाच्या खाणी. आज ही दोन्ही बिरुदं फक्त मानाची आहेत. राज्याकडून मिळतात, पाटीवर झळकतात, पण त्यांनी गावाचा एकही अधिकार वाढत नाही. निवडून आलेली गेमाइंडेराट (गावसभा) आणि ब्युर्गरमाइस्टर (गावप्रमुख) साध्या खेड्यालाही असतात. (हालश्टाटच्या ब्युर्गरमाइस्टरला ‘महापौर’ म्हणणं मात्र आता थांबवा. वस्ती हजाराच्या आत आहे.)

खरी रेघ आहे ती श्टाटुटारश्टाटची, म्हणजे स्वतःची सनद असलेल्या शहरांची. अशी शहरं देशात १५. साध्या गेमाइंडेच्या, म्हणजे गावाच्या, वर बेट्सिर्क्सहाउप्टमानशाफ्ट हे जिल्हा कार्यालय असतं. लोक त्याला नुसतं ‘बेहा’ म्हणतात. सनदी शहरावर बेहा नसतं, त्याची बरीचशी कामं शहराचं माजिस्ट्राट, म्हणजे शहराचं प्रशासन, स्वतःच करतं.

हालश्टाटमध्ये राहायला गेलात, तर तीन दिवसांत मेल्डेत्सेटेल, म्हणजे राहत्या पत्त्याचा नोंदणी अर्ज, गावच्याच कार्यालयात द्यायचा. पासपोर्ट लागतो आणि अर्जावर घरमालकाची सही. लोक अडकतात ते या सहीपाशी, कारण नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणी फुकट, टाळलीत तर दंड ७२६ युरोपर्यंत. घर बांधायची परवानगीही साधारणपणे ब्युर्गरमाइस्टरकडेच. पण त्याच गावात खानावळ काढायची असेल, तर धंद्याची नोंद ग्मुंडेनच्या बेहाकडे. बाजाराचं बिरुद ७०० वर्षांचं असलं तरी दुकानाची नोंद गावात होत नाही.

आता बुर्गेनलांडमधलं रुस्ट घ्या. वस्ती २,००० च्या आसपास, तरी धंद्याची नोंद शहराच्याच माजिस्ट्राटमध्ये. आज नव्याने सनद मागायची तर राज्यघटनेप्रमाणे किमान २०,००० वस्ती लागते. रुस्टची मोकळीक जुनी, हंगेरीच्या राजवटीतली: १६८१ मध्ये ६०,००० सुवर्ण गुल्डेन आणि वर ५०० आयमर (जुनं द्रवमाप) गोड वाइन मोजून घेतलेली.

उलट डोर्नबिर्न. वस्ती ५०,००० च्या वर, श्टाट हे बिरुद १९०१ पासून, पण स्वतःची सनद नाही. तिथल्या दुकानदारालाही बेहाचाच उंबरा.