चांद्याची जुनी टोपोशीट : लेआउटखालचे नाले, बोड्या (लहान तलाव) आणि खाणी

चंद्रपूर आणि बल्लारपूर एकाच टोपोशीटवर, म्हणजे भूरूप दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर येतात, 56 एम/5. घुग्घूस शेजारच्या 56 एम/1 वर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट इंचाला मैल, म्हणजे 1:63,360 प्रमाणावर निघत. पुढे 1:50,000 आले. चांद्याचे नाव 1964 मध्ये बदलून चंद्रपूर झाले, म्हणून त्याआधीच्या शीटवर ‘चांदा’ शोधावे.

गोंडकालीन शहर परकोटाच्या आतले. पश्चिमेला इरई नदी, पूर्वेला झरपट नदी. बाहेरचा विस्तार कोळशाने आणि रेल्वेने घडवला. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली आणि कोळशाचा भर बल्लारपूरकडे सरकला. 1929 मध्ये बल्लारशाह–काझीपेट मार्ग पूर्ण झाला, चांदा थेट दिल्ली–मद्रास मार्गावर आले. मग कागद कारखाना, 1980च्या दशकात औष्णिक केंद्र. दुर्गापूर, पडोलीसारखी शिवारे शहराला जोडली गेली ती या क्रमाने.

प्लॉट घेणाऱ्याने आधी शीटवरचे पाणी पाहावे. बारमाही पाणी निळे, कोरडे पात्र काळे. हंगामी तलावाची, बोडीची कड तुटक रेषेची. उन्हाळ्यात सपाट दिसणाऱ्या लेआउटमधून अशी रेषा जात असेल, तर पावसाळ्यात पाणी तीच वाट धरते. रहमतनगरसारख्या इरईकाठच्या वस्त्यांत पूर शिरतो, कारण ते नदीच्याच पुराचे मैदान आहे. समोच्च (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) रेषांवर मात्र इथे फार विसंबू नये: दोन रेषांमधल्या 20 मीटर उंचीच्या अंतरात दोन-तीन मीटरचा खोलगट भाग दिसतच नाही. खुल्या खाणींनी आणि मातीच्या ढिगाऱ्यांनी जुने उतारही बदलले आहेत.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. शीटवरचे छपाईचे वर्ष हेच सर्वेक्षणाचे वर्ष धरले जाते. दोन्हींत बरीच वर्षे असू शकतात, म्हणून समासातली नोंद वाचावी. दुसरी चूक मोबाइलवरची. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीच्या आकाराचा एक आधार धरतात; जुनी शीट ‘एव्हरेस्ट’ आधारावर, जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-84’ वर. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर जागा शे-दोनशे मीटर सरकते. तेवढ्यात नाला शेजाऱ्याच्या प्लॉटवर जातो! चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश जुळवून रेल्वेपुलावर ताळा घ्यावा.

2022च्या ऑगस्टमध्ये घुग्घूसला एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. शीटवर फार तर खाणीचे तोंड दिसते, आतले बोगदे नाहीत. म्हणून जवळपास खाणीची खूण आढळली, तर पाया खणण्याआधी वेकोलिकडे (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीकडे) त्या खाणीचा भूमिगत नकाशा मागावा.