अर्थ ठाऊक, शब्द आठवेना

तूर विळ्याने कापून झाली की रानात तिचा मुळाशी घट्ट, वर तिरका कापला गेलेला बुडखा उरतो आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायात तो खिळ्यासारखा घुसतो. सोलापुरात घरी बसून शेतीविषयी लिहिताना या बुडख्याचे नाव मला आठवेना. मंगळवेढ्याच्या रानात लहानपणी अनेकदा ऐकलेला शब्द. शेवटी ‘कट’ आहे एवढे खात्रीने वाटत होते. मनात ‘खुंट’ आला, ‘सड’ आला, मग ‘फोलकट’ आणि ‘धसका’ आले. आणि प्रत्येक वेळी ‘हा नव्हे’ हे तत्काळ कळत होते.

शब्द अगदी ओठांवर येऊन अडकण्याच्या या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना 49 दुर्मीळ शब्दांच्या केवळ व्याख्या वाचून दाखवल्या. समुद्रावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या उपकरणाची, म्हणजे ‘सेक्स्टंट’ची व्याख्या ऐकल्यावर काहींना होकायंत्र किंवा कोनमापक सुचले, तर काहींना ‘सेक्स्टेट’ आणि ‘सेक्स्टन’ असे अर्थाशी संबंध नसलेले, पण उच्चाराने जवळचे शब्द सुचले. मला या प्रयोगातले सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. चुकीची उत्तरेही दोन निश्चित दिशांनी आली, कारण मेंदूत शब्दाचा अर्थ आणि त्याचा ध्वनी वेगवेगळे साठवलेले असतात, असे आज बहुतेक संशोधक मानतात. अर्थापर्यंत आपण पोहोचतो. तेथून ध्वनीकडे नेणारा दुवा मात्र शब्द फार दिवस वापरला नाही की क्षीण होतो. माझा ‘खुंट’ अर्थाच्या बाजूने आला होता, ‘फोलकट’ ध्वनीच्या.

अडकलेल्या शब्दाचे पहिले अक्षर त्या विद्यार्थ्यांनी 57 टक्के वेळा अचूक सांगितले. अंदाज म्हणून हे उत्तम आहे. शब्दकोशासाठी मात्र अपुरे, कारण वर्णानुक्रमे लावलेल्या कोशात पहिले अक्षर चुकले की पुढचा मार्गच बंद होतो. संस्कृतातल्या अमरकोशाची मांडणी वेगळी आहे: त्यात शब्द विषयवार वर्गांत बांधलेले असल्यामुळे शेतीचे शब्द शेतीच्या शब्दांजवळच सापडतात. संगणकही आता हेच मोठ्या प्रमाणावर करतो. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात हे प्रचंड मजकुरातून मोजून तो प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक मालिका देतो आणि आपण लिहिलेल्या वर्णनाच्या सर्वांत जवळची मालिका शोधतो. मात्र जो शब्द रानात बोलला जातो आणि लिहिला क्वचितच जातो, त्याची सोबत संगणकाने कोठे पाहावी? त्यातून मराठीत एकाच नामाची विभक्तीनुसार अनेक रूपे होतात, म्हणजे मुळात थोडा असलेला मजकूर आणखी विभागला जातो.

अखेर मंगळवेढ्याला आत्याला फोन केला. तूर कापल्यावर रानात जे राहते त्याला काय म्हणतात, असे विचारले, तर तिलाही क्षणभर सुचेना. मग ती म्हणाली, “अगं, पाळी घालायच्या आधी आम्ही बायका काय वेचायला जायचो? धसकटं!” तिला शब्द व्याख्येवरून नव्हे, कामावरून आठवला.

सोलापूरच्या यंत्रमागांवरचे धोटा, कांडी, वहिफणी हे शब्द सांगणारी माणसेही अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाताना मी व्याख्या विचारणार नाही. मागासमोर उभे राहून, हे कशाने करता, एवढेच विचारणार आहे.